शुक्रवारी कुणालाही ऐकू येतं

आमचा वर्ग लूमच्या वर भरायचा. खाली पॉवरलूमची शेड, वर पत्र्याचा माळा, आणि त्या माळ्यावर मेडिकल असिस्टंटचा कोर्स. ज्या ट्रस्टने हा कोर्स काढला होता, त्यांना अख्ख्या भिवंडीत याहून बरी जागा मिळाली नाही, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. जमीन सारखी थरथरायची. टेबलावर ठेवलेला थर्मामीटर आपोआप सरकत कडेला यायचा आणि कुणीतरी तो झेलायचं. अशा ठिकाणी स्टेथोस्कोप कानाला लावून ब्लडप्रेशर मोजायला शिकायचं. काही ऐकूच यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या मुलींच्या वतीने मागणी केली, की प्रॅक्टिकल शुक्रवारी ठेवा. शुक्रवारी लूम बंद असतात.

"शुक्रवारी सुट्टी," आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या.

"पण सिस्टर, शुक्रवारी नीट ऐकू येईल."

"शुक्रवारी कुणालाही ऐकू येतं. त्याचं काय सर्टिफिकेट द्यायचं?"

मागणी फेटाळली गेली. मला याची सवय होती, पण मागणी इतक्या थोडक्यात फेटाळलेली मी तोवर पाहिली नव्हती.

सिस्टरांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. रिक्षावाले, खालचे लूम चालवणारे कामगार, ट्रस्टचे सेक्रेटरी, सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्या खाडीकाठच्या गावच्या. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्त होऊन त्या इकडे परत आल्या. बुटक्या, रुंद. साडी कुठलीही असो, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. छातीवर सेफ्टी पिनने उलटं लावलेलं घड्याळ, म्हणजे त्यांना सुलटं दिसेल असं. आम्ही वेळ विचारली तर मान तिरकी करून वाचायला लावायच्या.

डब्यात त्यांच्या बहुतेक सुके बोंबील असत. हात धुण्याचा तास मुद्दाम जेवणानंतर असायचा. सगळ्यांनी एकेक बोंबील हाताने मोडायचा, मग हात धुवायचे, मग रांगेत उभं राहायचं. सिस्टर एकेकीचा हात नाकाशी नेऊन हुंगायच्या. "वास येतोय. जा." दोन-तीन मुली माळकरी घरातल्या होत्या, त्यांच्या तळहातावर सिस्टर ठेचलेला लसूण चोळायच्या. "बोंबील जात नाही तिथे जंतू जाईल होय?" नखांच्या खाली, अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटावर, कुठे वास राहतो ते आम्हाला आमच्याच नाकाने कळलं. पुस्तकात त्यावर चित्रांसकट एक पान होतं. ते कुणी उघडल्याचं मला आठवत नाही.

आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे कापडाच्या दुकानात शर्ट घालून उभा करतात तो पुतळा. एका दुकानाचं सामान निघालं तेव्हा सिस्टरांनी तो मागून आणला होता. एक हात नव्हता, नाकाचं टोक उडालेलं, चेहऱ्यावर दुकानातलं हसू कायम. आम्ही त्याच्यावर पट्टी बांधायला शिकायचो. पण सरळ जाऊन बांधायची नाही. आधी बाकाच्या कडेवर बोटाने टकटक करायचं. "भाऊसाहेब, मी तुमच्या हाताला पट्टी बांधायला आलेय. बांधू का?" असं म्हणायचं. आणि मग थांबायचं.

माझी मैत्रीण शबाना पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिने विचारलं आणि लगेच हात पुढे केला.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "उत्तर आलं नाही."

"सिस्टर, पुतला है."

"मालूम है. पुतळ्याजवळ थांबता आलं तर माणसाजवळ थांबशील."

शबाना हसू दाबत थांबली. आम्ही सगळ्या हसू दाबत थांबलो. खाली लूम खडखडत होते, भाऊसाहेब हसत होते, आणि सिस्टर घड्याळाकडे न बघता नुसत्या उभ्या होत्या. कंटाळा आला, मग अवघडलं, मग अचानक वाटलं की हा पुतळा खरंच नाही म्हणेल. तेव्हा कुठे सिस्टर म्हणाल्या, "हां. आता बांध."

काही वाक्यांना वर्गात बंदी होती. 'घाबरू नका' हे पहिलं. "तुम्ही घाबरू नका म्हटलं की माणूस इकडेतिकडे बघतो, घाबरायचं काय आहे ते शोधतो. काय करणार ते सांगा. टोचेल तर टोचेल म्हणून सांगा." दुसरं 'काही होत नाही.' ते ज्याला होतंय त्याने म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि म्हाताऱ्या माणसाला बाळासारखं बोलायचं नाही. एका मुलीने सरावात "आता आपण छान छान औषध घेणार हं" असं म्हटलं, तर सिस्टरांनी तिला बाकावर झोपवलं आणि दुपारभर सगळ्यांना तिच्याशी तसंच बोलायला लावलं. "आता आपण छान छान कूस बदलणार हं." संध्याकाळपर्यंत ती रडकुंडीला आली. हे क्रूर होतं, मी तसं बोलूनही दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "एक दुपार होती. म्हातारा माणूस वर्षभर ऐकतो."

सरावासाठी पेशंट त्या स्वतः व्हायच्या. काय सांगू! यूपीचा लूमवाला व्हायच्या, "ए लड़की, सुई मत लगा, हम मर जाएँगे." नवी सून व्हायच्या, जिला काय होतंय ते सासूच सांगते. सगळं आधीच माहीत असलेले निवृत्त हेडमास्तर व्हायच्या. एकदा त्या हार्ट अटॅकचा पेशंट झाल्या आणि अशा काही ओरडल्या, की खालून एक कामगार तेलाचा डबा हातात घेऊन धावत वर आला.

"क्या हुआ सिस्टर को?"

तपासणारी मुलगी गोंधळली होती, ती तशीच उभी. सिस्टर बाकावर डोळे मिटून पडलेल्या. कामगार जवळ आला, वाकला, घाबरून पुन्हा विचारू लागला. सिस्टरांनी डोळे न उघडता सांगितलं, "मैं मर गई हूँ. मुझसे क्या पूछता है, इससे पूछ. इसने नब्ज भी नहीं देखी." तो बिचारा त्या मुलीवरच रागावला. "नब्ज क्यों नहीं देखी?" पुढे कित्येक दिवस तो जिन्यात भेटला, की तिला विचारायचा, आज सब जिंदा हैं ना?

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तेव्हा पत्रकं लिहायचे. आमचा तरुणांचा एक गट होता. लूमच्या धुळीने कामगारांच्या छातीचं काय होतं, गावांच्या जमिनी गोडाऊनला गेल्यावर बायकांचं काय होतं, यावर आम्ही पत्रकं काढायचो आणि एसटी स्टँडवर वाटायचो. आजही काढतो. लाल शाई, मोठी अक्षरं. त्यातलं एक मी सिस्टरांना दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर आहे सगळं," म्हणाल्या.

मी खूश.

"पण यात जनता फार आहे. माणूस एकही नाही. कुणाची छाती दुखतेय? तो कधीपासून खोकतोय? रात्री झोपतो का?"

"सिस्टर, हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नाही. व्यवस्थेचा आहे."

"असेल. पण खोकतो एकटाच ना?"

आणि त्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी त्याच तासाला हाताच्या शिरांचं चित्र काढलं. तेव्हा मला फार राग आला होता. आमचं एकदा कडाक्याचं भांडणही झालं. त्यांच्या दवाखान्यात नर्सेसचा संप झाला होता, तेव्हा तुम्ही कुठे होता, असं मी विचारलं. "वॉर्डात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणजे फोडलात तुम्ही संप. "फोडला," त्या म्हणाल्या. मला हे अजून पटत नाही. सगळ्याजणी वॉर्डात थांबल्या असत्या तर नर्सेसना आज मिळतं तेही मिळालं नसतं. आमच्या कोर्सचंच बघा. असिस्टंट म्हणून शिकवायचं, खासगी दवाखान्यात नर्सचं काम करून घ्यायचं आणि पगार आयाचा द्यायचा. हे मी सिस्टरांना ऐकवलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "हे लिही. हे खरं आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुलीकडून रोज सकाळी म्हणून घ्यायच्या, असिस्टंटने काय काय करायचं नाही. इंजेक्शन नाही. सलाईन नाही. डॉक्टर म्हणाले तरी नाही. शाळेतल्या प्रार्थनेसारखं.

ट्रस्टची लेखी परीक्षा असायची, ती सगळ्या पास व्हायच्या. सिस्टरांची परीक्षा वेगळी. प्रत्येकीला एक पेशंट मिळायचा, घरी असलेला, डॉक्टरांनी रोजचं ड्रेसिंग सांगितलेला. आपण रोज जायचं. आणि जखम भरत आली, की सिस्टर त्या घरी जाऊन पेशंटलाच विचारायच्या, हिला पास करू की नको? पेशंट म्हणेल ते. सिस्टरांची सही झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही आणि सही पेशंटच्या शब्दावर.

मी अर्थातच आक्षेप घेतला. पेशंट खडूस असला तर?

"मग खडूस माणसाजवळ कसं राहायचं ते शीक."

जात बघून, धर्म बघून नाही म्हणाला तर?

"तर तो पेशंट नापास. मी दुसरा देईन."

शबानाला लूममध्ये बोटं कापून घेतलेला एक बिहारी कामगार मिळाला. सिस्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अब ये नहीं आएगी? तो फिर पट्टी कौन करेगा?" झालं, शबाना पास. मला शेलार गावातल्या एक आजी मिळाल्या.

आजींचं घर मोठं, टाइल्सचं. जमीन गोडाऊनला गेली होती, मुलगा दापोड्याला एक गोडाऊन सांभाळायचा. आजी पुढच्या ओटीवर एका जागी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायच्या. त्यांना साखरेचा आजार होता, बरीच वर्षं. गुडघे दुखायचे म्हणून त्या एसटीने वज्रेश्वरीला गेल्या आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसल्या. तेही सगळ्यात कढत कुंडात, ज्यात लोक बोट बुडवून हाय हाय करत काढून घेतात. आजी मात्र निवांत. आजूबाजूच्या बायका हात जोडून बघत राहिल्या, देवीची केवढी कृपा म्हातारीवर! कृपा कसली, साखरेने पावलांची जाणीवच गेली होती. घरी येईपर्यंत पायाला फोड आले, फोड फुटले, उजव्या पायाच्या करंगळीपाशी जखम झाली. आणि ती बरी करायला आजी येत्या मंगळवारी परत त्याच कुंडात जाणार होत्या.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जखम चिघळली तर पाऊल जाईल. हे मला माहीत होतं. मग मी पहिल्याच दिवशी गप्प कशी बसणार? मी ओटीवर उभी राहिले आणि बोलले. ही अंधश्रद्धा आहे, गंधकाच्या पाण्याने जखमा भरत नसतात, देवस्थानं लोकांच्या अज्ञानावर चालतात, वगैरे. सगळं खरं होतं.

आजींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू कोन गो?"

"मेडिकल असिस्टंट."

"म्हंजे डाक्टरीन?"

"नाही."

"नरस?"

"नाही."

"मंग नुसती बोलनारी?" आत सून खो खो हसली. आजींनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "जा. मना काय झाला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्याबरोबर आल्या. बूट काढून ओटीवर मांडी घालून बसल्या. पायाकडे बघितलंही नाही. वर्गातली त्यांची भाषा पायरीपाशीच राहिली.

"काकी, त्या कुंडात बसलीस म्हनं. मना तं बोट बुडवता येत न्हाय."

"लय येल बसले," आजी खुलल्या.

"आनि भाजला न्हाय?"

"जरा पन न्हाय. देवी हाय ना."

"भाजला न्हाय, का कळला न्हाय?"

आजींनी पायाकडे बघितलं. सिस्टरांनी विचारलं, पायाला हात लावू का? आणि थांबल्या. मग आजींनी मान डोलावली. सिस्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि माठातल्या गार पाण्याने भरलेला स्टीलचा पेला तळपायाला टेकवला.

"काय लावलं?"

"लाव तं खरी."

"लावलंय, काकी."

आजींनी डोळे उघडले. पेला तळव्याला चिकटलेला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे.

"पाऊल आंधळं झालंय तुझं," सिस्टर म्हणाल्या. "देवीचा काय दोष न्हाय."

कुंड रद्द झालं. मला ड्रेसिंगची परवानगी मिळाली, पण अट घालून. रोज विचारायचं. आजी हो म्हणाल्या तर पट्टी, नाही म्हणाल्या तर परत जायचं. अट आजींची नव्हती, सिस्टरांची होती. आणि आजींना ती अशी काही आवडली, की सांगता सोय नाही.

"आजी, पाय बघू?"

"आज न्हाय. आज सोमवार."

"सोमवारचं काय?"

"माझा मूड न्हाय सोमवारचा." मूड हा शब्द त्यांनी नातवंडांकडून उचललेला.

मी तडफडायचे. पण सिस्टरांचा नियम होता, मी परत फिरायचे. आणि एकदा आजींनी लागोपाठ तीन दिवस नाही म्हटलं, मधल्या दिवशी पाहुणे होते, आणि मग जेव्हा पट्टी सोडली तेव्हा करंगळीची कड काळी दिसली. वासही आला. बोंबलाचा नव्हे, दुसरा. आजींना काही दुखत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं. "दुखत न्हाय तं दवाखाना कशाला?"

मी धावत वर्गावर आले. सिस्टरांना सांगितलं, आजच्या आज न्यायला पाहिजे.

"मागच्या खेपेला मी पाहिला तेव्हा स्वच्छ होता," सिस्टर म्हणाल्या.

"आज नाही. आज काळा आहे. पाय जाईल सिस्टर, उद्यापर्यंत सगळं संपेल!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझं सगळंच लाल अक्षरात असतं गं. उद्या सकाळी मी येते. डॉक्टरांना सांगून येते. आपण तिला विचारू."

"विचारायला वेळ कुठे आहे?"

"मी विचारल्याशिवाय आजवर कुणाला उचललेलं नाही."

आणि त्या पुढच्या मुलीचं ब्लडप्रेशर तपासायला वळल्या. मी वाद घातला नाही. बॅग उचलली आणि परत शेलारला गेले.

आजींना विचारलं, दवाखान्यात जायचं का? नाही म्हणाल्या. मग मला येत होतं तेच मी केलं. पायरीवर बसले. घोषणा नाही, भाषण नाही, नुसती बसले. आजी आधी रागावल्या, मग दुसरीकडे बघू लागल्या. जेवायची वेळ झाली. सुनेने भाकऱ्या थापल्या, कालवणाचा वास ओटीवर आला.

"ये बाय, जेवाला ये," आजी म्हणाल्या.

"नाही जेवणार."

"का गो?"

"तुम्ही दवाखान्यात येईपर्यंत जेवणार नाही."

आता हे त्या घरात कधी झालं नव्हतं. दारात माणूस उपाशी आणि आत पानं वाढलेली, हे त्या गावात कुणाच्याच घरात होत नाही. शत्रू आला तरी आधी जेवतो, मग भांडतो. आजी पाटावर जाऊन बसल्या, ताट समोर आलं, त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. पुन्हा बाहेर आल्या. भिंतीला धरून, त्या आंधळ्या पायाने.

"खा ना गो."

"तुम्ही चला."

"मना साखर हाय. मी उपाशी रायले तं चक्कर येते मना."

"माहीत आहे मला."

शेजारणी दारात येऊन बघायला लागल्या. कुणीतरी विचारलं, काय गो काकी, पोरीला जेवाला न्हाय वाढलं? हा शेवटचा घाव बसला. आजी सुनेवर खेकसल्या, "फोन लाव त्याला. म्हनावं जीप घेऊन ये." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुठं न्यायचा तिथं ने. पन पयले दोन घास खा माझ्यासमोर. आनि मना पन खाऊ दे."

आम्ही दोघी एकमेकींकडे रागाने बघत जेवलो. मग जीप आली. वाटभर आजी मला शिव्या देत होत्या आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, करंगळी काढावी लागेल, पाऊल वाचेल. तसंच झालं.

सिस्टर दुसऱ्या दिवशी वॉर्डात आल्या. कॉटच्या लोखंडी दांड्यावर टकटक केली, आजींना विचारलं, चादर बाजूला केली, बघितलं. मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"काल तुझं ऐकायला पाहिजे होतं," म्हणाल्या. "माझं चुकलं."

मोठ्या माणसाने इतक्या सरळ चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. आमच्या गटात चूक नेहमी परिस्थितीची असायची. मी म्हटलं, "विचारूनच आणलंय मी त्यांना."

"उपाशी बसून काढलेली परवानगी होय ती? वसुली झाली ती."

"पाय वाचला."

"वाचला," सिस्टर म्हणाल्या. "त्याबद्दल बोलतच नाहीये मी."

आम्ही व्हरांड्यात उभ्या होतो. त्यांना त्यांचं पटलेलं होतं, मला माझं. हा वाद आम्ही पुढे कितीदा तरी घातला आणि तो कधी मिटला नाही. सिस्टर आता खाडीपलीकडे भाचीकडे असतात, कोर्स बंद पडून माळ्यावर कापडाचे तागे आले आहेत, आणि मी भेटायला गेले की चहा यायच्या आत आमचं सुरू होतं. भाची म्हणते, तुमचं दोघींचं ब्लडप्रेशर एकदा मोजायला हवं.

पण परीक्षा राहिली होती. आजी घरी आल्या, मी रोज जात राहिले, जखम हळूहळू भरत आली. मला ठाण्याच्या एका दवाखान्यात जागा सांगून ठेवली होती, सर्टिफिकेट त्याच आठवड्यात नेऊन दाखवायचं होतं. सिस्टर शेलारला आल्या. ओटीवर आजी, समोर सिस्टर, खांबाला टेकून मी. सून दारात.

"काकी, हिला पास करू की नको?"

आजींनी विचार केला. मग एकेक बोट दुमडत मोजायला लागल्या. "हिनं माझ्या देवीला नावं ठेवली. मना उपाशी ठेवली. गावात माझी शोभा केली. माझं बोट नेलं. आनि बोलते किती!"

"ते आहे," सिस्टर म्हणाल्या.

"नापास कर."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "आजी!"

"वरडू नको." आजी सिस्टरांकडे वळल्या. "नापास झाली म्हंजे हिला परत यावा लागंल ना, शिश्टर?"

"यावं लागेल. जखम पुरी भरेपर्यंत."

"मंग झाला तर."

सिस्टरांनी छातीवरच्या घड्याळाशेजारचं पेन काढलंच नाही. उठल्या, बूट घालायला लागल्या. मी त्यांच्या मागे अंगणात गेले. म्हटलं, सिस्टर, हा सरळसरळ अन्याय आहे. हिला माझ्या कामाबद्दल तक्रारच नाही, हिला फक्त मी यायला हवी आहे. ठाण्याची जागा जाईल माझी.

"अन्याय आहे," सिस्टर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाल्या. "पण पेशंटचा शब्द आहे."

ठाण्याची जागा खरंच गेली. दुसरी मिळाली, पण पावसाळ्यानंतर आणि लांब. यावर एक पत्रक काढावं असं मला अजून वाटतं. कुणाविरुद्ध काढायचं ते ठरत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेलारला गेले. रागातच गेले. आजी ओटीवर बसलेल्या होत्या. मी बॅग उघडली, हात धुतले, समोर बसले आणि विचारलं, "आजी, पाय बघू?"

"इचारतेस काय?" आजींनी लुगडं वर सारून पाऊल माझ्याकडे सरकवलं. "तुझाच हाय तो आता."